ऐंशीव्या वर्षी आपलेच शब्द आपल्या तोंडी

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडमधल्या रॉजर वॉटर्सने आपलाच पन्नास वर्षांपूर्वीचा अल्बम पुन्हा ध्वनिमुद्रित केला, याबद्दल गिटारवाली मंडळी अजून चिडून आहेत. मी चिडलेलो नाही. 'द डार्क साइड ऑफ द मून रिडक्स' माझ्या मते अर्धा फसलेला आहे. पण उरलेला अर्धा इतका मोठा आहे की तो नीट, बसून, रात्रीच्या वेळी ऐकायलाच हवा. शब्दांच्या बाजूने वॉटर्स जिंकला, सुरांच्या बाजूने हरला.

मी इंदूरला साउंड लावतो. नाट्यसंगीताची मैफल, गणेशोत्सवातली व्याख्यानं, एकांकिका, साठीशांतीचा समारंभ, जे काम येईल ते. त्यामुळे माझा कान आधी माईककडे जातो आणि मग गाण्याकडे. हे परीक्षण त्याच कानाने लिहिलेलं आहे.

आधी थोडी हकिकत. मूळ अल्बम 1973 च्या मार्चमध्ये आला, पिंक फ्लॉइड या बँडचा. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तो तयार झाला आणि ध्वनिमुद्रणाची बाजू ॲलन पार्सन्स या तरुण इंजिनिअरने सांभाळली. बँडमध्ये चौघे होते: बेस वाजवणारा वॉटर्स, गिटारवर डेव्हिड गिल्मर, कीबोर्डवर रिचर्ड राइट आणि ड्रमवर निक मेसन. शब्द सगळेच्या सगळे वॉटर्सचे, आणि तेव्हा तो अवघा 29 वर्षांचा होता. चार कोटींच्या वर प्रती खपलेला हा अल्बम. 1985 मध्ये वॉटर्स बँडमधून बाहेर पडला, नावावरून कोर्टकचेरीपर्यंत प्रकरण गेलं, आणि बाकीचे त्याच नावाने पुढे वाजवत राहिले. मग 6 ऑक्टोबर 2023 ला, ऐंशी पूर्ण करून महिना होतो न होतो तोच, वॉटर्सने सगळी दहा गाणी नव्याने करून बाजारात आणली. जुन्या साथीदारांना विचारलं नाही, जुनी कंपनीही नाही. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या लेबलवर, कुकिंग व्हायनल या स्वतंत्र ब्रिटिश कंपनीला हाताशी धरून.

हे त्याला करता आलं, कारण बंदिश आणि ध्वनिमुद्रण या कायद्यात दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. गाणं ज्याने रचलं त्याचा हक्क रचनेवर, आणि टेप ज्याने पैसे घालून करवली तिचा हक्क बहुतेक वेळा कंपनीकडे. गायकाला जुनी टेप परत मिळत नाही, पण तीच रचना पुन्हा गाऊन नवी टेप करता येते आणि ती मात्र पूर्ण त्याची. म्हणून जेफ लिनने 2012 साली आपल्या इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या बँडची जुनी गाणी घरच्या स्टुडिओत जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवून परत केली. म्हणून टेलर स्विफ्टने 2021 पासून एकेक अल्बम पुन्हा गाऊन काढला. आपल्याकडेही कायद्यात ध्वनिमुद्रणाची मालकी निर्मात्याचीच धरली आहे, साठ वर्षांसाठी. आपल्या जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्या ज्यांनी गायल्या, त्यांच्या घरच्यांकडे त्या मूळ टेपवरचा काही अधिकार क्वचितच असेल. हे मला नेहमी खुपतं, आणि त्यामुळे कोणीही गायक स्वतःचं काम स्वतःच्या हातात घेऊ पाहतो, तेव्हा माझं मत आधीच त्याच्याकडे थोडं झुकलेलं असतं.

पण लिन आणि वॉटर्स यांच्यात मोठा फरक आहे. लिनला जुनंच हवं होतं, फक्त जास्त स्वच्छ. वॉटर्सला जुनं नकोच आहे. गिटारचे सोलो त्याने काढून टाकले. मूळ अल्बमवरच्या गायिकेचा, क्लेअर टॉरीचा, तो शब्दांवाचूनचा टाहो काढला. लय खाली आणली, आवाज खाली आणला आणि मोकळ्या झालेल्या जागेत तो स्वतः बोलत बसला आहे.

माझा भाचा विजयनगरच्या एका कॅफेत शनिवारी गिटार वाजवतो. त्याला मी 'टाइम' ऐकवलं.

"मामा, सोलो कुठे गेला?"

"काढलाय."

"काढलाय म्हणजे? मग उरलं काय त्यात?"

"शब्द."

"शब्द तर आधीपण होतेच ना!"

होते. पण कोणाच्या तोंडी होते? मुद्दा इथेच आहे आणि गिटारवाल्यांच्या तो लक्षात येत नाही. मूळ रेकॉर्डवर वॉटर्सने मुख्य आवाजात गायलेली गाणी फक्त शेवटची दोन. 'टाइम' गिल्मर आणि राइटने गायलं, 'मनी' गिल्मरने, 'अस अँड देम'ही त्या दोघांनी मिळून. म्हणजे सगळे शब्द लिहिणारा माणूस स्वतःच्या अल्बमवर बराच वेळ नुसता बेस वाजवत उभा होता. गिल्मरचा आवाज गोड आहे, वाद नाही. पण आयुष्य हातातून निसटून गेलं, शर्यत सुरू करणारी बंदूक कधी वाजली ते कळलंच नाही, हे सांगायला गोड आवाज लागतोच असं नाही. एकोणतिसाव्या वर्षी लिहिलेलं हे वाक्य ऐंशीच्या घरातला माणूस म्हणतो तेव्हा ते भाकीत राहत नाही, तो हिशोब होतो. 'टाइम'चं दुसरं कडवं रिडक्समध्ये ऐकताना मला हातातलं काम बाजूला ठेवावं लागलं.

आवाजाबद्दल थोडं खोलात जातो, कारण ती माझी गल्ली. वॉटर्सचा आवाज आता गाण्याचा राहिलेला नाही. वरची पट्टी गेली, दम गेला, खरखर आली. असा आवाज माईकपासून हातभर लांब ठेवला तर पातळ आणि केविलवाणा वाटतो. इथे तो अगदी ओठांपाशी घेतलेला आहे, हे ऐकताक्षणी कळतं. एका दिशेने ऐकणाऱ्या माईकला जितकं चिकटून बोलावं तितका खर्ज फुगतो. सभेत निवेदक हीच चूक करतो, माईक तोंडात घेतो आणि हॉलभर नुसता घुमारा होतो. मी त्याला खुणेने मागे सरकवतो. वॉटर्स आणि त्याचा सहनिर्माता गस सेफर्ट यांनी तोच घुमारा कामाला लावला आहे. ओठ सुटल्याचा, श्वास आत घेतल्याचा, जीभ टाळूला लागल्याचा आवाजसुद्धा त्यांनी पुसलेला नाही. मिक्समध्ये हा आवाज इतका पुढे ठेवलाय की ऑर्गन, तारवाद्यं, मधूनच येणारं थेरेमिन (हात न लावता वाजवायचं विजेवरचं वाद्य) हे सगळं त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर टेकून बसल्यासारखं वाटतं. जोई वॉरोंकरचे ड्रमही संयमाचे आहेत. मेसनने 'टाइम'च्या सुरुवातीला रोटोटॉम नावाच्या ड्रमवर जो दूरचा गडगडाट केला होता, तसलं काही करायचा मोह इथे कोणालाच झालेला नाही.

म्हणून एक सूचना: हा अल्बम फोनच्या स्पीकरवर ऐकूच नका. त्यात खर्ज येत नाही, आणि खर्ज गेला की हाताशी फक्त एक म्हातारा माणूस पुटपुटत राहतो. आठ इंची वूफर असलेली जुनी स्टिरिओ जोडी असेल तर उत्तम, नाहीतर चांगला हेडफोन. आवाज मोठा करू नका. मूळ अल्बम मोठ्या आवाजात खुलतो, हा लहान आवाजात.

आता मी इंदूरचा, त्यामुळे एक तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्याकडे तीच चीज पुन्हा गाणं याला कोणी आगळीक समजत नाही. अमीर खाँसाहेब इंदूरचे. त्यांचा तो अतिविलंबित झुमरा ताल ऐकत ज्यांचे कान घडले त्यांना संथपणाची भीती वाटत नाही. आणि इथून तासाभराच्या अंतरावर देवास. कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, 1948 साली तिथे आले ते क्षयाने आजारी होऊन. काही वर्षं गाणं बंद. पन्नासच्या दशकात परत गायला लागले तेव्हा फुप्फुसात पूर्वीचा दम नव्हता, तर त्यांनी गाण्याची बांधणीच बदलली: लांब पल्ल्याच्या ताना मोडून आखूड, धारदार झेपा घेतल्या, मधल्या शांततेला गाण्यात घेतलं. लहानपणीच्या तबकड्यांवरचा तो चमत्कारी मुलगा आणि नंतरचे कुमारजी, दोन्ही आपण ऐकतो आणि कोणी म्हणत नाही की आधीचं होतं ना, मग हे कशाला. आवाज बदलला की गाणं बदलतं. या मातीतल्या श्रोत्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण याच कसोटीवर वॉटर्स अर्ध्या वाटेवर थांबतो. कुमारजींनी दम कमी झाल्यावर सुरातच नवा रस्ता काढला. वॉटर्सने बऱ्याच ठिकाणी सूर सोडून बोलणं धरलं.

'मनी' घ्या. या गाण्याचा बेस सात मात्रांचा आहे. रूपकाशी टाळी-खालीचा हिशोब जुळणार नाही, पण सात म्हणजे सात, आणि रॉक संगीतात लोक ज्यावर सहज डोलतात अशा सातच्या चाली फार थोड्या. मूळ गाण्यात डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजतो आणि गिल्मरची गिटार सुरू झाली की गाणं सातातून चारात उडी मारतं, तिथे अंगावर काटा येतो. वॉटर्सने तेव्हा नाणी, फाटता कागद, गल्ल्याचा आवाज यांचे टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापले आणि जोडून त्यांची गोल पट्टी केली होती. ती सुरुवात आजही कोणी विसरत नाही. रिडक्समध्ये हेच गाणं मंद, काळोखं आणि जरा दुष्ट झालं आहे. पैशाबद्दलचा तिरकसपणा तरुण आवाजात मौजेचा वाटायचा, इथे तो कडू लागतो. हे मला आवडलं. पण सोलोच्या जागी आलेलं लांबलचक निवेदन मला पटलं नाही. ताल डोलत राहतो आणि त्यावर माणूस गोष्ट सांगत राहतो, दोघांची गाठच पडत नाही. आमचे कीर्तनकार बुवा याहून चांगलं जमवतात: आख्यान लावताना झांज कुठे थांबवायची आणि कुठे परत सुरू करायची हे त्यांना अचूक माहीत असतं.

'ऑन द रन'मध्येही हेच झालं. मूळ तुकडा सिंथेसायझरच्या धावत्या सुरावटीचा, एक शब्द नाही. इथे त्यावर स्वप्नाची हकिकत आली. 'एनी कलर यू लाइक' तर मूळचं निखळ वाद्यसंगीत, आणि श्रेयनामावलीत वॉटर्सचं नावसुद्धा नाही. ते गिल्मर, राइट आणि मेसनचं. त्याच्यावर बोलणं घालताना थोडा संकोच वाटायला हवा होता असं मला वाटतं.

आणि मग 'द ग्रेट गिग इन द स्काय'. यावर मला जास्त लिहायचं आहे.

हे गाणं रिचर्ड राइटच्या पियानोचं. 1973 च्या जानेवारीत क्लेअर टॉरी नावाच्या गायिकेला स्टुडिओत बोलावलं, तिला शब्द दिले नाहीत, आणि तिने मरणाबद्दलच्या त्या स्वरावलीवर जे काही केलं ते आजही जगातल्या सर्वांत मोठ्या आलापांत मोजावं लागेल. तिला त्या कामाचे तीस पौंड मिळाले. तिने 2004 मध्ये दावा लावला, पुढच्या वर्षी तडजोड झाली, आणि तेव्हापासून रचनाकारांत राइटबरोबर तिचंही नाव येतं. उशिरा आलेला न्याय, पण आला. राइट 2008 मध्ये गेला.

रिडक्समध्ये तो आलाप नाही. वॉटर्स एक पत्र वाचतो. डोनाल्ड हॉल हे अमेरिकन कवी शेवटच्या आजारात असतानाचा हा पत्रव्यवहार. हॉल 2018 मध्ये वारले. मरणाऱ्या माणसाबद्दलचं साधं, घरगुती, सभ्य पत्र. पाठीमागे राइटची ती स्वरावली अगदी हळू सरकत असते.

आमच्या टिळकनगरात आप्पा म्हणून एक हार्मोनियमवादक राहतात. वय वॉटर्सच्याच आसपास, इंग्रजी गाण्यांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. माझ्याकडे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला द्यायला आले होते, त्यांना म्हटलं, आप्पा, पाच मिनिटं बसा, हे ऐका. मी काही सांगितलं नाही. डोळे मिटून त्यांनी ऐकलं, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर स्वर धरत होती. मध्येच म्हणाले, "पत्र वाचतोय का रे हा? कोणी गेलंय वाटतं." मी हो म्हटलं. संपल्यावर त्यांना मूळचं ऐकवलं, टॉरीचं. ते आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अरे, हिने तर पत्रात लिहिता येत नाही ते सगळं सांगितलं. मग पत्र कशाला वाचायचं?"

याहून नेमकं परीक्षण मला जमणार नाही. पत्र खरं आहे, मनापासून आहे, आणि वाचणाऱ्याचा आवाज आप्पांनाही अर्थ न कळता भिडला. पण टॉरीचा सूर ज्या जागी पोचतो तिथे पत्र पोचत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकली. मूळ अल्बममध्ये माणसं फार आहेत. वॉटर्सने तेव्हा कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओत ये-जा करणाऱ्यांना विचारले होते: तुला मरणाची भीती वाटते का, शेवटची मारामारी कधी केलीस, असे. त्यांची उत्तरं, हसणं, अडखळणं अल्बमभर विखुरलेलं आहे. दारावरचा आयरिश माणूस जेरी ओड्रिस्कॉल शेवटी म्हणतो की चंद्राला काळोखी बाजू अशी नसतेच, सगळाच काळोख असतो. दारवान, हमाल, सामान उचलणारे, सगळ्यांना त्या अल्बमात जागा होती. मी स्टेजच्या पाठीमागे उभा राहणारा माणूस आहे, म्हणून मला हे फार जवळचं वाटतं. रिडक्समध्ये त्या गर्दीच्या जागी एकटा वॉटर्स आहे. शेवटी तो त्या जेरीलाच उद्देशून म्हणतो की सगळंच काही अंधारलेलं नाही. पन्नास वर्षांनी दारवानाला दिलेलं उत्तर म्हणून ते गोड आहे. तरी मला जेरीही हवा होता.

जमलेल्या गाण्यांत 'टाइम'च्या बरोबरीने मी 'अस अँड देम' ठेवीन. वॉटर्सचे वडील दुसऱ्या महायुद्धात 1944 साली इटलीत अँझिओला मारले गेले, तेव्हा तो काही महिन्यांचा होता. सेनापती बसून नकाशावर रेघा हलवतात आणि पुढच्या रांगेतले मरतात, ही ओळ त्याच्या घरातून आलेली आहे. मूळ गाण्यात कोरस येतो तो लाटेसारखा अंगावर. इथे लाट येत नाही. शब्द एकेक करून, खाली, जवळजवळ कानात सांगितले जातात आणि या एका गाण्यात मला मूळची लाट आठवली नाही.

सुरुवातीच्या 'स्पीक टू मी'चाही उल्लेख करायला हवा. त्यात वॉटर्स बँडच्याच 1972 च्या एका गाण्याचे शब्द म्हणतो, म्हातारपणाचे आणि मरणाचे. तेव्हा ते शब्द उड्या मारणाऱ्या, टाळ्यांच्या चालीवर होते. आता नुसते उच्चारले आहेत. दरवाजा म्हणून याहून चांगली निवड होऊ शकली नसती.

वॉटर्सच्या राजकारणावरून अल्बमच्या आसपास बराच गदारोळ झाला. तो इथे उगाळण्यात मला रस नाही, अल्बममध्ये त्याचा भाग थोडा आहे.

कोणी घ्यावा? ज्याने मूळ अल्बम ऐकलेलाच नाही त्याने आधी तो ऐकावा, एका बैठकीत, सलग, मध्ये फोन न घेता. साधारण पाऊण तासाचं काम. रिडक्स लगेच त्यामागे लावू नका, चार दिवस जाऊ द्या. गिटार शिकणाऱ्या मुलांना हा भेट म्हणून देऊ नका, ती दुखावतात. पन्नाशी ओलांडलेल्या, इंग्रजी शब्द नीट कानावर घेऊ शकणाऱ्या आणि रात्री झोप लवकर न येणाऱ्या माणसाला जरूर द्या. शब्दांचा छापील कागद हाताशी ठेवा, कारण निवेदनांत वॉटर्स बरंच पुटपुटतो आणि ते निसटलं तर अल्बमचा निम्मा ऐवज गेला.

पाचापैकी किती तारे, असं भाच्याने विचारलं. 'टाइम', 'अस अँड देम' आणि 'स्पीक टू मी'ला पाच. 'मनी'ला तीन. 'ऑन द रन' आणि 'एनी कलर यू लाइक'ला एकेक. 'ग्रेट गिग'ला मी तारे देणार नाही, त्यासाठी टॉरीचं मूळ ऐका आणि मग पत्रही ऐका.